बदलापूर: गाऱ्हाणं न्यायचं कुणाच्या दारी?

पावसाळ्यात बदलापूर पश्चिमेला राहणाऱ्यांना एक आकडा पाठ असतो: साडेसतरा. उल्हास नदीची ही धोक्याची पातळी, मीटरमध्ये. इशाऱ्याची पातळी साडेसोळा. जुलैत कर्जत आणि माथेरानकडे पाऊस लागून राहिला की हेंद्रेपाडा, वालिवली, रमेशवाडी, बॅरेज रोड या भागांतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर नदीचा आकडा क्रिकेटच्या धावसंख्येसारखा फिरू लागतो. सोळा पार झाली की खाली लावलेल्या गाड्या उंचावर हलवायच्या, तळमजल्यावरचं धान्य आणि गाद्या माळ्यावर टाकायच्या, जमलं तर पाण्याच्या पंपाची मोटरही काढून ठेवायची. हे कुणी शिकवलेलं नाही. २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरांनी ते अंगवळणी पाडलं.

पाणी ओसरलं की दुसरी चिंता सुरू होते. तक्रार करायची कुणाकडे? पाऊस पडला रायगड जिल्ह्यात, पाणी शिरलं ठाणे जिल्ह्यात. पूररेषा आखतो जलसंपदा विभाग. शहराचा पाणीपुरवठा जीवन प्राधिकरणाकडे, नाले आणि बांधकामाच्या परवानग्या नगरपरिषदेकडे, वीज महावितरणकडे. पंचनाम्याला तलाठी, मोठी मदत मागवायची तर जिल्हाधिकारी. एका पुरात इतकी खाती भिजतात. पण जाब विचारायला गेलं की प्रत्येकाकडे कोरडं उत्तर तयार असतं, आणि ते शेजारच्या खात्याकडे बोट दाखवणारं असतं.

उर्वरित महाराष्ट्राला बदलापूर ठाऊक झालं ते मुख्यतः दोन घटनांमुळे. २७ जुलै २०१९ला मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. एक हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि हवाई दल उतरलं. प्रवाशांमध्ये नऊ गरोदर महिला होत्या. दुसरी घटना २० ऑगस्ट २०२४ची. एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर लोक स्थानकात शिरले आणि दिवसभर रूळ सोडायला तयार झाले नाहीत. पहिल्या वेळी रुळांवर पाणी आलं, दुसऱ्या वेळी माणसं आली. दोन्ही घटनांच्या मुळाशी गेलं तर एका वाढत्या उपनगरी गावाची एकच अडचण दिसते. इथे प्रश्न भरपूर आहेत, खातीही भरपूर आहेत, पण ते प्रश्न समोरासमोर मांडून त्यांच्यावर भांडायची जागा नाही.

मुंबईच्या सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर, कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावर, अंबरनाथच्या पुढे हे शहर आहे. पूर्वेला कुळगाव, पश्चिमेला नदीकाठचं जुनं बदलापूर गाव. म्हणून नगरपरिषदेचं नाव कुळगाव-बदलापूर. १९८३मध्ये कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात घातले गेले होते. पुढे ते बाहेर पडले आणि आपापल्या नगरपालिकांचा कारभार पाहू लागले. २००१च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ पाऊणपट वाढ. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, त्यामुळे कागदावरचं बदलापूर आजही २०११चंच आहे. प्रत्यक्षातलं किती मोठं झालंय हे सकाळी सातच्या सुमाराला फलाटावर उभं राहिलेल्या कुणालाही कळतं.

वाढीचं कारण साधं आहे. गिरगाव-लालबागच्या चाळीतून निघालेला, डोंबिवलीतही ज्याला घर परवडेना असा नोकरदार माणूस स्वस्त घराच्या शोधात रुळाच्या कडेकडेने पुढे सरकत राहिला. इथे त्याला दोन खोल्यांच्या पैशात तीन खोल्या मिळाल्या, खिडकीतून डोंगर दिसला, मराठी शेजार मिळाला. दुर्मीळ मराठी पुस्तकं आणि जुनी नियतकालिकं जपणारं ‘ग्रंथसखा’ वाचनालयही याच शहरातलं. घराची किंमत त्याने पैशात कमी मोजली आणि उरलेली रोजच्या प्रवासात मोजायला सुरुवात केली. म्हणून रेल्वे हा बदलापूरकरांच्या जगण्याचा दर्जा ठरवणारा पहिला घटक आहे. पाणी, रस्ते आणि वीज त्याच्या मागून येतात.

मुंबईकडून कल्याणपर्यंत जलद आणि धिम्या गाड्यांना वेगळे मार्ग आहेत. कल्याणच्या पुढे कर्जतकडे मात्र दोनच रूळ: एक जायचा, एक यायचा. त्याच दोन रुळांवरून लोकल धावतात, पुण्या-कोल्हापूरकडच्या एक्स्प्रेस धावतात आणि मालगाड्याही. एक गाडी अडली की मागची रांग अडते. कल्याण ते बदलापूर १४ किलोमीटरच्या तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ‘३ अ’ टप्प्यात २०१९मध्ये मंजुरी मिळाली. याच पट्ट्यात चिखलोली हे नवं स्थानकही व्हायचं आहे. मंजुरी आणि रूळ यांच्यामध्ये भूसंपादन असतं, आणि तेवढ्या काळात शेकडो इमारती उभ्या राहतात.

गर्दीतूनच इथली भांडणं जन्माला येतात. सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळावी म्हणून अंबरनाथचे काही प्रवासी आधी डाऊनच्या गाडीने बदलापूरला येतात आणि बसूनच परत निघतात. फलाटावर रांगेत थांबलेल्या बदलापूरकराला डब्यात आधीच भरलेली बाकं दिसतात. दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं न्याय्य वाटतं, आणि त्यात दोन्हीकडे थोडं तथ्यही आहे.

ऑगस्ट २०२२मधला वातानुकूलित लोकलचा वाद अशाच भांडणाचा मोठा अवतार होता. त्या वर्षी ५ मेपासून रेल्वेने एसी लोकलचं एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं होतं. पासाचे दर मात्र तसेच राहिले, आणि रोज जाणारा माणूस तर पासावर जातो. १९ ऑगस्टला मध्य रेल्वेने दहा एसी फेऱ्या वाढवल्या. त्या जादा नव्हत्या. साध्या गाड्यांच्या जागी आल्या होत्या. साध्या गाडीसाठी थांबलेल्या माणसासमोर बंद दारांची गाडी आली, आणि ती गेल्यावर पुढच्या साध्या गाडीत दोन गाड्यांची गर्दी चढली. आधी कळव्याला, मग बदलापूरला लोक स्थानकात जमले. २५ ऑगस्टपासून त्या दहा फेऱ्या रेल्वेने मागे घेतल्या. आंदोलन जिंकलं.

पण या विजयाला पुढे एक काळी किनार लागली. ९ जून २०२५ला दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासले आणि रुळांवर पडले. चार जण त्याच दिवशी गेले. त्यानंतर रेल्वेने नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं जाहीर केलं. बंद दारं म्हणजे सुरक्षितता, हे तीन वर्षांपूर्वीही खरंच होतं. पण ती आणताना साध्या प्रवाशाची जागा हिरावली जात होती. सुरक्षितता आणि जागा यांतलं एकच मिळेल असं सांगितलं गेलं, तर कामावर वेळेत पोचायचं असलेला माणूस जागाच निवडतो. ही निवड त्याच्यापुढे ठेवणाऱ्यांना फारसं कुणी विचारलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. अर्ज-विनंत्यांची फाईल कुठल्या टेबलावर आहे हे कधी कळत नाही, पण रुळांवर उतरलं की आठवड्याच्या आत निर्णय फिरतो.

ऑगस्ट २०२४मध्ये हाच धडा अतिशय वेगळ्या आणि भीषण प्रसंगी गिरवला गेला. शाळेतल्या कंत्राटी सफाई कामगाराने दोन लहान मुलींवर अत्याचार केल्याचं पालकांना कळलं. ते पोलीस ठाण्यात गेले, आणि तक्रार नोंदवून घ्यायला कित्येक तास लागल्याचा आरोप झाला. १६ ऑगस्टला गुन्हा नोंदला गेला, दुसऱ्या दिवशी अटक झाली. २० ऑगस्टच्या सकाळी शाळेसमोर जमलेली गर्दी स्थानकाकडे वळली. संध्याकाळपर्यंत लोकल बंद राहिल्या, लांब पल्ल्याच्या गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. शेवटी लाठीमार झाला, पुढे सत्तरेक जणांना अटक झाली. आंदोलक बाहेरून आणलेले होते, असं सरकारच्या बाजूने सांगण्यात आलं.

राग खरा होता, त्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण त्या दिवशी रुळांवर सर्वांत मोठ्याने ऐकू आलेली मागणी होती ती तिथल्या तिथे फाशीची. ज्या प्रश्नांची उत्तरं मिळाली तर पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेतलं मूल वाचेल, ते प्रश्न बारीक आणि कंटाळवाणे होते. शिशुवर्गातल्या मुलींना स्वच्छतागृहात नेण्याचं काम कुणाचं होतं? महिला सेविका कुठे होत्या? सीसीटीव्हीचं चित्रण का नव्हतं? कंत्राटदाराने नेमलेल्या माणसाची पूर्वपडताळणी कुणी करायची? मुलावरच्या अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणं हा २०१२च्या पोक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, हे शाळांना ठाऊक तरी आहे का? गर्दीच्या घोषणेत असे प्रश्न मावत नाहीत.

ते विचारले उच्च न्यायालयाने. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, पोलिसांच्या दिरंगाईवर ताशेरे ओढले आणि पुढे शाळांमधल्या मुलांच्या सुरक्षेसाठी उपाय सुचवायला निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली. राज्य सरकारनेही आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी आदेश काढला: महिनाभरात शाळांमध्ये सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेट्या, सखी सावित्री समित्या. यातल्या सखी सावित्री समित्या नव्या नव्हत्या. २०२२मध्येच त्या स्थापन करायला सांगितलं होतं.

२३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीबारात मारला गेला. शहरात काही ठिकाणी पेढे वाटले गेले. न्यायदंडाधिकारी चौकशीच्या अहवालाने पुढे जानेवारी २०२५मध्ये त्या गाडीतल्या पाच पोलिसांवर ठपका ठेवला. आरोपीवरचा खटला चाललाच नाही, आणि ‘फाशी द्या’ म्हणणाऱ्यांना हवं ते मिळालं असं वरवर वाटत असताना, त्या शाळेच्या आत नेमकं काय काय चुकत गेलं हे भर न्यायालयात साक्षीपुराव्यानिशी उलगडण्याची एक मोठी वाट बंद झाली. बदलापुरातल्या पालकांच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही.

आता त्या दिवसातली एक गोष्ट पाहा, जी बातम्यांमध्ये फारशी आली नाही. २० ऑगस्ट २०२४ रोजी कुळगाव-बदलापूरमध्ये एकही निवडून आलेला नगरसेवक पदावर नव्हता. आधीची निवडणूक २०१५ची. त्या नगरसेवकांची मुदत २०२०मध्ये संपली. आधी करोना, मग आरक्षण आणि प्रभागरचनेचे न्यायालयीन वाद. नगरपरिषदेवर प्रशासक आला आणि पाच वर्षांहून अधिक काळ राहिला. नगरपरिषदेची पुढची निवडणूक डिसेंबर २०२५मध्ये झाली. म्हणजे २०२१चा पूर, एसी लोकलचं आंदोलन आणि शाळेचं प्रकरण, तिन्ही वेळा शहराला सभागृहच नव्हतं. शाळा नगरसेवकांच्या हातात नसते आणि पोलीस तर नसतातच, बदलापूरचे पोलीस ठाणे आयुक्तालयाखाली येतात. तरीही ओळखीचा नगरसेवक पालकांबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसतो, सभेत आवाज चढवतो, लोकांचा राग थोडा स्वतःवर घेतो. हा त्याचा उपयोग कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, पण छोट्या शहरात तो मोठा असतो.

रुळांवरचं सभागृह जोरकस असतं, पण तिथे सगळ्यांना जागा नसते. रात्रपाळी करून परत येणारी परिचारिका, परीक्षेला निघालेला मुलगा, रोजंदारी बुडालेला मजूर हे त्या दिवशी वांगणीला किंवा अंबरनाथला ताटकळत होते. आणि पुराचा प्रश्न तर रुळांवर येतच नाही, कारण पूर आला की रूळच पाण्याखाली असतात.

पूररेषेचा वाद हा बदलापुरातला सर्वांत गुंतागुंतीचा वाद. तो सरकार विरुद्ध लोक असा नाही. तो एकाच सोसायटीच्या दोन मजल्यांमधला आहे, कधी एकाच घरातला.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत-नेरळवरून येते आणि बदलापूर-कल्याणवरून वसईच्या खाडीकडे जाते. सह्याद्रीच्या कड्यावरचा पाऊस काही तासांत खाली उतरतो. बदलापुरात लख्ख ऊन असतानाही नदी चढू शकते. पूर्वी नदीकाठचं पाणी शेतांमध्ये पसरायचं आणि दोन दिवसांत ओसरायचं. आता त्या शेतांत इमारती आहेत. नव्या इमारतीसाठी भराव टाकून जमीन उंच केली की तिच्या वाट्याचं पाणी शेजारच्या जुन्या, खोलगट सोसायटीत जातं. काही जुन्या इमारतींच्या तळमजल्यांत आधी कधी न आलेलं पाणी येऊ लागलं, त्याचं एक कारण हे आहे.

पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं बांधकाम करू नये, आणि निळ्या-लाल रेषांच्या मध्ये करायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीहून उंच हवं, असा नियमांचा गाभा. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकलं की माणूस निश्चिंत होतो. आपल्या हयातीत येणार नाही म्हणतो. पण त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता असा आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेपर्यंतचा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. निळ्या रेषेसाठी हाच हिशेब ५६ टक्क्यांवर जातो, म्हणजे न येण्यापेक्षा येण्याचीच शक्यता अधिक. घराच्या जाहिरातीत नदीचं दृश्य छापलं जातं. हा आकडा छापलेला कुणी पाहिलेला नाही.

उल्हासच्या पूररेषा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा शहराचा मोठा भाग त्यांच्यात आला, आणि ओरड झाली ती दोन उलट दिशांनी. तीस-चाळीस वर्षं जुन्या, गळक्या इमारतींमध्ये राहणाऱ्यांचा पुनर्विकास अडकला. इमारत धोकादायक आहे म्हणून पाडायची नोटीस एका बाजूने, आणि पूररेषेत आहे म्हणून बांधता येणार नाही हे दुसऱ्या बाजूने. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेल्या आगरी-कुणबी कुटुंबांच्या जमिनीचा भाव एका रेघेने पडला. शेजाऱ्याने आधी विकली, त्याच्या जमिनीवर सात मजले उभे आहेत, आणि आपल्याच वाट्याला निर्बंध का, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. बांधकाम व्यावसायिकांनी फेरसर्वेक्षण मागितलं ते अपेक्षितच होतं. दुसऱ्या बाजूला, ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी आलं, ते लोक रेषा आणखी मागे न्या म्हणत होते. निदान पुढे तरी आणू नका.

आणि गंमत अशी, की हे दोन गट पुष्कळदा एकच असतात. जुलैत बोटीतून बाहेर काढलेलं कुटुंब डिसेंबरात पुनर्विकासाच्या सभेत रेषा शिथिल करा म्हणतं. ते ढोंग करत नसतं. त्यांची सगळी पुंजी त्या घरात आहे, ते विकलं जात नाही, पाडून नवं बांधता येत नाही आणि सोडून जायला पैसा नाही. रेषा आखणाऱ्या खात्याकडे या कुटुंबासाठी काही नसतं. रेषा आखली की त्याचं काम संपतं. नदीकाठच्या हक्कांची अदलाबदल, बाधितांना शहरात दुसरीकडे चटईक्षेत्र, जुन्या इमारतींना उंच जोत्यावर पुन्हा उभं राहायला मदत, असे उपाय नियमावलीत कुठे ना कुठे आहेत. ते एका टेबलावर आणून त्या त्या गल्लीला लागू करणारं कुणी लागतं, आणि इथेच पुन्हा तीच अडचण आडवी येते.

धोरणाची दिशाही मदतीला आलेली नाही. नदीकाठच्या उद्योगांवर अंतराचे निर्बंध घालणारं राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण फेब्रुवारी २०१५मध्ये रद्द झालं. उल्हासच्या प्रदूषणावरून राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षी काठावरच्या स्थानिक संस्थांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मोठा दंड ठोठावला होता. म्हणजे एकाच वर्षी राज्याने कुंपण काढलं आणि लवादाने घाणीबद्दल दंड केला.

पूर्वेकडचा त्रास पाण्याचा नाही, हवेचा आहे. औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांचा उग्र दर्प संध्याकाळनंतर जवळच्या वस्त्यांमध्ये येतो. ३ जून २०२१च्या रात्री शिरगावच्या वसाहतीतल्या एका कारखान्यातून वायू बाहेर पडला, लोकांचे डोळे चुरचुरले, श्वास अडकला, घाबरून माणसं रस्त्यावर आली. जानेवारी २०२४मध्ये दुसऱ्या एका रासायनिक कारखान्यात पहाटे स्फोट होऊन आग लागली, एक कामगार गेला. शेजारच्या डोंबिवलीने २०१६मध्ये आणि पुन्हा मे २०२४मध्ये याहून कितीतरी भयंकर स्फोट पाहिले आहेत, त्यामुळे पूर्वेकडची भीती काल्पनिक नाही. पण कारखाने आधी आले आणि घरं नंतर त्यांच्या कुंपणापर्यंत सरकली, हा उद्योजकांचा मुद्दाही खोटा नाही. कारखाना आणि वस्ती यांच्यातला मोकळा पट्टा कुणी खाल्ला, याचं उत्तर बांधकाम परवानग्यांच्या जुन्या फायलींत आहे. रात्री दहाला दर्प आला म्हणून तक्रार करावी, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय कल्याणला. तिथला माणूस येईपर्यंत वाऱ्याची दिशा बदललेली असते. कामगारांची सुरक्षा पाहणारं संचालनालय आणखी वेगळं.

बाकीच्या तक्रारी कोणत्याही उपनगरात ऐकू येतील अशा. पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलावरची कोंडी, पावसात भरणारा बेलवलीचा भुयारी मार्ग, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो नेमकी तेव्हाच जाणारी वीज. स्थानकाबाहेरच्या फेरीवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा. २०१७मध्ये एल्फिन्स्टन रोड पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ जण गेल्यावर उच्च न्यायालयाने स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई कायम ठेवली. पण २०१४च्या कायद्याप्रमाणे त्यांना पर्यायी जागा ठरवून देण्यासाठी फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींसह नगर पथविक्रेता समिती लागते. पर्यायी जागा न देता नुसती मनाई राबवली की सकाळी उठवलेली भाजीवाली संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला परत तिथेच बसते, आणि त्याच गाडीतून उतरलेली बाई, जिने सकाळी गर्दीची तक्रार केलेली असते, तिच्याकडूनच मेथीची जुडी घेते.

आता नगरपरिषदेत निवडून आलेली माणसं आहेत. त्यांच्या हातात रेल्वे नाही, पोलीस नाहीत, कारखाने नाहीत, नदीही नाही. पण बांधकाम परवानगी आहे, नाले आहेत, फेरीवाले आहेत, अग्निशमन दल आहे. आणि या सगळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांना एका खोलीत बोलावून शहरासमोर बसवण्याचा नैतिक अधिकार आहे. तो वापरला तर नदीची पातळी, कारखान्याचा दर्प आणि शाळेची पडताळणी या तिन्हींवर वर्षातून काही वेळा तरी उघडी चर्चा होऊ शकते. पाच वर्षं प्रशासकाच्या दालनात ज्या फायली फिरल्या, त्यांची यादी लोकांसमोर ठेवणं ही सुरुवात ठरेल.

त्याहून खालच्या पातळीवर, गल्लीच्या पातळीवर, कायदा अजून बदलापूरपर्यंत पोचलेला नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठीच, आणि लोकसंख्या धरायची ती प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेतली. २०११च्या १ लाख ७४ हजारांवर ती सक्ती लागू होत नाही. नव्या जनगणनेतली मोजदाद २०२७मध्ये व्हायची आहे. तिने बदलापूरचा आकडा तीन लाखांपलीकडे दाखवला तर प्रभाग समित्या टाळता येणार नाहीत. त्याच वेळी दुसरा, जुनाच वाद पुन्हा पेटेल: अंबरनाथ आणि बदलापूर मिळून एक महानगरपालिका करायची का? निधी वाढेल म्हणणारे आहेत, घरपट्टी वाढेल म्हणणारे आहेत. आणि एकदा कल्याणच्या महानगरपालिकेत राहून आपण बाहेर का पडलो होतो, याची आठवण असलेली जुनी मंडळीही शहरात अजून आहेत.